किटिवेक कोणी बुडवला

थेल्मा स्टॅथर्सने लँगडनसाहेबाच्या गाडीत मासा लपवला होता, ही गोष्ट हॉथर्न गार्थमध्ये अजून सांगतात. चांगला हातभर लांबीचा हॅडॉक होता. वारा यायच्या जाळीमागे तो तिने असा काही कोंबला की साहेबाने गाडी धुतली, सीटा उचकटल्या, एका पाद्र्याकडून मंतरलेलं पाणीही शिंपडून घेतलं, आणि शेवटी ती लीड्सच्या कोणा बापड्याला मातीमोलाने विकून टाकली. त्या बापड्याची बायको पुढच्याच आठवड्यात आईकडे निघून गेली आणि अख्ख्या लीड्समधली मांजरं त्याच्या दारात मुक्कामाला आली. हॉथर्न गार्थमध्ये जे सांगतात ते खोटं असू शकतं, पण चुकीचं नसतं.

एवढं करूनही थेल्माचं पोट भरलं नव्हतं. तिचा किटिवेक गेला होता. एका पबच्या बदल्यात एक मासा, हा काय न्याय झाला?

हल शहराच्या बंदरालगतच्या मच्छीमारांच्या गल्ल्या पाडल्या आणि माणसं उचलून शहराबाहेरच्या या माळावर आणून टाकली, तेव्हा त्यांच्यासोबत हा पब बांधला गेला. लाल विटांचा, सपाट छपराचा, दिसायला बुटाच्या खोक्यासारखा. थेल्माने तो वीसेक वर्षं चालवला; त्यातली निम्मी नवरा लेन याच्यासोबत, आणि तो गेल्यावर एकटीने. इमारत बिअर बनवणाऱ्या कंपनीची, पण राज्य थेल्माचं. तिने नुसती भुवई उचलली की भांडणारे दोघं एकमेकांची माफी मागून दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर जायचे.

तिथलं कार्पेट बिअर पिऊन पिऊन इतकं चिकट झालं होतं की आल्फ रिलॅटचा बूट एकदा त्यात रुतला तो निघालाच नाही. आल्फ मोज्यावर घरी गेला. आठवड्याने आला तर बूट जागच्या जागी, आणि त्यात कोणीतरी टोमॅटोचं रोप लावलेलं. आल्फची बायको नोरीन सांगते की त्याला टोमॅटोही लागले आणि रविवारच्या मांसाच्या सोडतीत ते दुसरं बक्षीस म्हणून गेले. कोणाच्या तरी कुत्र्याला म्हणे मालकाचं पाकीट आणायला घरी पाठवायचे. पुढे पुढे ते कुत्रं पाकीट आणेनासं झालं, मालकिणीलाच घेऊन यायला लागलं.

असा तो किटिवेक एका रंगाने मेला.

कंपनीचा लँगडनसाहेब एका वसंतात रंगारी घेऊन आला आणि थेल्मा बहिणीकडे ब्रिडलिंग्टनला गेलेली असताना त्याने पब आतून-बाहेरून हिरवा करून टाकला. भिंती हिरव्या, दारं हिरवी, खुर्च्यांच्या गाद्या हिरव्या. त्या चिकट कार्पेटच्या जागी नवं कोरं हिरवं कार्पेट. आत उभं राहिलं की बाटलीच्या बुडाशी बसल्यासारखं वाटे.

आता ज्यांच्या बापजाद्यांनी आइसलंडच्या दर्यात मासेमारीचे ट्रॉलर नेले त्या घरांत हिरवा रंग चालत नाही; दर्यावरच्या माणसाला तो अपशकुन. हिरवा स्वेटर नाही, हिरवी मोटार नाही, वाटाणेसुद्धा मनावर दगड ठेवून खायचे. नोरीनच्या मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाची आई हिरवी टोपी घालून आली, तर तिला चर्चच्या ओसरीत बसवलं आणि केक खिडकीतून दिला. अशा माणसांच्या पबला हिरवा रंग! पहिल्या संध्याकाळी माणसं नेहमीसारखी आली, दारात थबकली, आणि आल्या पावली मागे वळली. सगळ्यांत आधी कोण वळला असेल तर विल्फ हार्कर. त्याने टोपी काढून छातीशी धरली, प्रेताला धरावी तशी, आणि तो निघून गेला.

मग डार्ट खेळणारे दुसऱ्या क्लबात गेले. सोडत बंद पडली. पोरांनी काचा फोडल्या, कंपनीने फळ्या ठोकल्या. थेल्माने किल्ल्या परत केल्या आणि समोरच्याच घरात राहायला गेली. एका सकाळी पिवळं यंत्र आलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी किटिवेक भुईसपाट झाला. उरला फक्त गाड्या लावायच्या जागेचा गुडघाभर उंचीचा विटांचा कठडा.

त्या कठड्यावर आता संध्याकाळी सगळे जमायचे. प्रत्येकाच्या हातात सुपरमार्केटमधला स्वस्तातला बिअरचा डबा, मांडीवर कागदात पॅटी आणि लाल मसाला भुरभुरलेले चिप्स. समोर विटांचा चुरा आणि खुरटं गवत. तिकडे बघत बघत जुन्या गोष्टी सांगायच्या आणि शेवटी लँगडनसाहेबाला शिव्या घालायच्या, हा नेम. शिव्या घालण्यात विल्फ पुढे असे. खिडकीतल्या जागेवर बसून त्याने किटिवेकमध्ये जन्म काढला होता. लेनच्या शवपेटीला खांदाही दिला होता.

मे महिन्यात एका बुधवारी लँगडनसाहेब स्वतः त्या माळावर उगवला. सोबत मोजमाप घेणारे दोघं. तिथं आता घरं बांधायची होती. थेल्मा चपलांवरच रस्ता ओलांडून गेली.

"अरे वा, मिसेस स्टॅथर्स! तब्येत कशी आहे?"

"तुम्हाला पुरून वर चहा पिण्याइतकी ठणठणीत."

साहेब नकळत आपल्या नव्या गाडीच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभा राहिला. "अजून रागावलेल्याच दिसता."

"एकच सांगा. जगात इतके रंग आहेत. तुम्हाला नेमका हिरवाच कसा सुचला? कोणत्या सैतानाने कानात सांगितलं?"

"मला कुठे सुचला? मी तर विचारून दिला, तुमच्याच माणसाला. ते खिडकीत बसायचे ना, मोठ्या कानांचे म्हातारे? हार्कर. मी म्हटलं, 'जुन्या लोकांना कोणता रंग आवडेल, काका?' तर म्हणाले, 'हिरवा द्या साहेब. दर्याचा रंग. हिरवा बघितला की आमच्या माणसांचा जीव हरखून जातो.' मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कार्पेटचा खर्च बजेटमध्ये नव्हता, भांडून मंजूर करून घेतला. आणि तुम्ही लोक यायचेच बंद झालात. मला आजवर कळलं नाही का ते."

थेल्माने त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं तिने या माणसाला राक्षस समजून शाप दिले होते, आणि जवळून बघितलं तर हा नुसता गाढव निघाला. एवढा ताजा हॅडॉक फुकट गेला.

ती घरी आली आणि खिडकीत बसली. चहा निवून गेला. विल्फ! सहा वर्षं तो कठड्यावर तिच्या शेजारी बसून तिच्याच चिप्समध्ये हात घालत होता. आणि सगळ्यांत आधी वळला तोही तोच. ठाऊक होतं ना त्याला आत काय आहे ते. तिने त्याच्या घरावर जाऊन काच फोडावी का याचा विचार केला. पण काच काय, नवी बसते. विल्फला लागेल असं काहीतरी हवं होतं.

ते तिला शोधावंही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी विल्फ समुद्रावर निघणार होता.

रॉटरडॅमच्या बोटीने. तिकडे त्याची मुलगी जीनेट एका डचाशी लग्न करून राहिली होती, तिच्या नातवाचा महिन्याभराने बाप्तिस्मा होता, आणि विल्फला आधीपासूनच जाऊन राहायचं होतं. विमानात विल्फ पाय ठेवायचा नाही. म्हणायचा, बुडायचं तर निदान ओळखीच्या ठिकाणी. महिनाभर तो कठड्यावर आपल्या या प्रवासाच्याच बाता मारत होता.

गुरुवारी सकाळी थेल्माने धुणं काढलं.

हॉथर्न गार्थबाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. पण ज्या दिवशी आपल्यातला माणूस बोटीवर जातो त्या दिवशी या घरांत कपडा धुवत नाहीत. कपडा धुतला की माणूस धुऊन गेला. थेल्माच्या आईने अशा दिवशी तान्ह्या बाळाचा लंगोटही तसाच सुकवून पुन्हा बांधला होता. आणि थेल्माने मशीन लावलं. मळके कपडे संपले तेव्हा स्वच्छ काढले. ते संपले तेव्हा पडदे काढले. मग लेनचे कपाटातले शर्ट. सगळं पुढच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल असं, दोरीवर ताणून घातलं.

नोरीन शेजारच्या दारातून बघत होती. तिच्या हातातला टोस्ट तोंडापर्यंत पोचलाच नाही.

"अगं थेल्मा! डोकं फिरलंय का तुझं? आज विल्फ निघतोय!"

"ठाऊक आहे."

"अगं मग हे काय चालवलंयस?"

"त्याला निरोप देतेय."

आणि तिने लँगडनसाहेबाचं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं. नोरीनने शांतपणे ऐकलं, टोस्ट कुंपणावर ठेवला आणि आत गेली. आतून तिचा आवाज ऐकू आला, "आल्फ, ऊठ! गादीवरून ऊठ म्हणते! चादर हवीय मला!"

"मी झोपलोय!"

"मग कार्पेटवर झोप!"

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. संध्याकाळी विल्फ कोट-टाय लावून, पेटी हातात घेऊन दार उघडतो तो काय, दोन्ही बाजूंना चादरी, पायजमे, टेबलक्लॉथ, पाळण्यातली दुपटी, सगळं वाऱ्यावर फडफडतंय. शिडाच्या जहाजांचा काफिलाच गल्लीत घुसल्यासारखा. आल्फचा उशीचा अभ्रा तर विल्फच्याच कुंपणावर वाळत होता. विल्फ एक पाऊल पुढे आला. मग पेटी घेऊन मागच्या मागे आत गेला. कडी लागल्याचा आवाज चौथ्या घरापर्यंत गेला.

त्याने दुसरं तिकीट काढलं, पण जीनेटने फोनवर नोरीनला विचारलं, "बाबा सोमवारी येतायत ना नक्की?" झालं. सोमवारी पुन्हा शिडं लागली. मग त्याने कोणाला काही सांगायचंच सोडून दिलं. त्यावर थेल्माने रोजच धुणं काढायचं ठरवलं, आणि तिच्यामागे सगळ्यांनी. असा काही सपाटा लागला की हॉथर्न गार्थ हे त्या उन्हाळ्यात यॉर्कशायरमधलं सर्वांत स्वच्छ ठिकाण झालं. साबण संपले. कपड्यांचे रंग उडाले. आल्फची विजार धुऊन धुऊन आटली, ती शेवटी त्याच्या नातवाला झाली. नळाच्या पाण्याचा जोर इतका कमी झाला की शहरातून माणूस पाठवला गेला. तो घरोघर फिरून, चहा पिऊन, काही न कळून परत गेला.

विल्फशी कोणी काही बोलत नव्हतं. तो कठड्यावर आला की सगळे जरा सरकून बसत आणि मध्ये दोन माणसांची जागा मोकळी राही. थेल्मा त्याच्याकडे बघून गोड हसायची. तेवढंच.

बाप्तिस्म्याला तीन-चार दिवस उरले तेव्हा विल्फ मोडला. संध्याकाळी सगळे कठड्यावर असताना तो समोर, विटांच्या चुऱ्यात येऊन उभा राहिला. टोपी डोक्यावरच होती.

"थेल्मा, धुणं काढून घे."

"कशाला? अजून ओलं आहे."

"थेल्मा, नाटकं पुरे. जीनेट रडतेय फोनवर."

"मीही रडले होते. किल्ल्या दिल्या त्या दिवशी. तू माझी पाठ थोपटलीस, आठवतंय? आता सगळ्यांसमोर बोल. लँगडनला हिरवा रंग कोणी सांगितला?"

विल्फने एकेकाकडे बघितलं. कोणी मदतीला येईल असं दिसेना.

"मी."

कठड्यावरून एक सुस्कारा निघाला. नोरीन म्हणाली, "मेल्या!"

"हो, मी! आणि का ते विचारा की तिला!" विल्फचा आवाज चढला. "माझी खिडकीतली जागा कोणी काढली? किटिवेकची वीट बसली तेव्हापासून मी तिथं बसत आलो. माझ्या कोपराने खिडकीच्या फळीला खळगा पडला होता. एके दिवशी येतो तर माझ्या जागेवर जुगाराचं मशीन! दिवे लावतंय, टिंगटिंग करतंय! मी म्हटलं, थेल्मा, माझी जागा? तर तू काय म्हणालीस? सांग ना काय म्हणालीस!"

थेल्माने कागदातला एक चिप उचलून तोंडात टाकला.

"म्हणालीस, 'विल्फ, हे मशीन एका तासात जेवढं कमावतं तेवढं तू वर्षभरात पीत नाहीस. शौचालयाजवळ जागा आहे, तिथं बस.' सगळ्यांसमोर! सगळे हसले! तूही हसलास, आल्फ!"

"मला ऐकू कुठे येतं," आल्फ म्हणाला.

"मशीन कंपनीने लावलं," थेल्मा म्हणाली. "मला विचारलं नव्हतं."

"पण बोललीस तू."

कठड्यावर चुळबुळ झाली. एक-दोन माना हलल्या. कोणीतरी पुटपुटलं, "माणसाची जागा म्हणजे जागाच, बाई." थेल्माला ते ऐकू आलं. तिचा पब गेला, आणि हे याच्या कोपराच्या खळग्यासाठी हळहळतायत!

"झालं?" ती म्हणाली. "सांगून झालं?"

"झालं."

"आणखी काही म्हणायचं नाहीये तुला?"

विल्फने जबडा घट्ट मिटला. "नाही."

थेल्मा उठली, रस्ता ओलांडून गेली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोरीवरचं धुणं काढून टोपलीत भरलं. बाकीच्यांनीही आपापलं काढलं. सगळ्यांसमोर बोल, एवढीच अट होती, आणि तो बोलला होता. आता अडवून धरणं बरं दिसलं नसतं.

शुक्रवारी विल्फ निघाला. गल्लीत एक रुमालही वाळत नव्हता. सगळे दारात आले, पण हात खिशात घालून, किंवा काखेत दाबून, किंवा पाठीमागे बांधून. कारण बोटीवर निघालेल्या माणसाला हात हलवून निरोप देणं हे धुण्याहूनही वाईट. हात हलवला की लाट आलीच म्हणून समजायचं. अशा वेळी म्हाताऱ्या बायका डोक्याला खाज सुटली तरी खाजवत नाहीत.

टॅक्सी आली. विल्फ मागे बसला, गाडी हलली, त्याने काच खाली करून गल्लीकडे एकवार बघितलं.

थेल्मा रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिने उजवा हात वर केला, पार खांद्यापासून, आणि हलवला. मग डावा केला. मग चहाची भांडी पुसायचं फडकं ॲप्रनमधून काढलं आणि तेही हलवलं.

"टाटा, विल्फ!" ती ओरडली. "सांभाळून जा हं!"

नोरीन किंचाळली. आल्फनेसुद्धा ऐकलं. टॅक्सीतला विल्फचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा पांढरा झाला. त्याने ड्रायव्हरच्या खांद्याला धरून काहीतरी सांगितलं. पण ड्रायव्हर नुकताच पोलंडहून आलेला. त्याला वाटलं, किती प्रेमळ माणसं! त्यानेही खिडकीतून हात काढून थेल्माला जोरजोरात हलवून दाखवला आणि गाडी बंदराकडे भरधाव सोडली.

"थेल्मा," नोरीन हळूच म्हणाली, "तो मेला तर?"

"तर शौचालयाजवळ पुरा."

बोलायला बोलली, पण त्यानंतर ती रेडिओ सोडून हलली नाही. समुद्राचं हवामान सांगतात ते ती पहाटे ऐके, दुपारी ऐके. हंबर नदीच्या मुखापुढे वारा मंद. लाटा नाहीत. दृश्यमानता उत्तम. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उत्तर समुद्र म्हणजे एरवी तापट दारुड्यासारखा, पण ते दोन आठवडे तो असा काही शहाणा झाला की बदकांना पोहायला शिकवावं. थेल्मा रेडिओवर फडकं आपटायची. "हलकट! एका माणसाला साधी उलटीसुद्धा करवत नाही तुझ्याने!"

आणि विल्फ परत आला. गाल गुलाबी, पोट सुटलेलं, हातात डच चीजचा गोल गड्डा. संध्याकाळी तो कठड्यावर येऊन बसला, खिशातून चाकू काढला आणि प्रत्येकाला चीजचा एकेक तुकडा कापून दिला. थेल्मालाही दिला. तिने तो हातात तसाच धरला.

मग नोरीनला, जिच्या डोक्यात आलेलं तोंडात थांबत नाही, एक शंका आली.

"म्हणजे काहीच झालं नाही तुला?"

"का? व्हायला हवं होतं?"

"तसं नाही रे. पण तिने हात हलवला. दोन्ही हात. वर फडकं. आणि तू हा असा, आधीहून जाडा होऊन आलायस." नोरीनने कपाळाला आठ्या घातल्या. "मग त्या हिरव्या रंगाचं काय?"

"काय म्हणजे काय?" आल्फ म्हणाला.

"अरे, हात हलवून काही होत नाही, तर हिरव्याने तरी काय होणार होतं? मग आपण आत का नाही गेलो? आपण सगळे?"

कोणीतरी हातातला सुपरमार्केटचा डबा हळूच पायामागे सरकवला. मग दुसऱ्याने. किटिवेकमध्ये एका ग्लासाला जेवढे पैसे पडत तेवढ्यात असे चार डबे येत, हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि हे डबे रंग लागायच्या आधीपासूनच घरोघर यायला लागले होते हेही. थेल्मा समोरच्या चुऱ्याकडे बघत होती. पुढच्या क्षणी काय येणार ते तिला दिसत होतं: विल्फ निर्दोष, लँगडन गाढव, आणि किटिवेकला बुडवणारे सगळे या कठड्यावर ओळीने बसलेले. मग सूड घ्यायचा कोणावर? तिच्या हातातलं चीज घामाने ओलं झालं.

विल्फने तोंड उघडलं. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलायला त्याला आयुष्यात यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. त्याने थेल्माकडे बघितलं. मग मोकळ्या जागेकडे, जिथं त्याची खिडकी होती. हिरव्या दारातून तोही आत गेला नव्हता. सहा वर्षं तो या थंडगार विटांवर बसला होता.

"काही झालं नाही कोण म्हणतं?" तो म्हणाला. "मी बोललो नाही म्हणजे झालं नाही होय? अगं, मेलो होतो मी!"

"काय सांगतोस!"

"बंदर सोडलं तोवर ठीक. दिवे दिसेनासे झाले आणि दर्या उठला. आइसलंडला तीस वर्षं काढली, असलं बघितलं नाही. कप्तान पोरासारखा रडत होता. जेवणाच्या खोलीतला पियानो माझ्या बाजूने तरंगत गेला."

सगळे पुढे सरकले. डबे पुन्हा हातात आले. थेल्माने मान वळवली. हंबरपुढे वारा मंद, लाटा नाहीत. पहाटेचा तो निवेदकाचा आवाज तिला शब्दन्‌शब्द पाठ होता.

"लाट किती उंच होती?" तिने विचारलं.

"किटिवेकच्या छपराएवढी."

"किटिवेक बुटका होता."

"मग चर्चच्या मनोऱ्याएवढी!"

"आणि तू काय केलंस?"

"एका खांबाला मिठी मारली. कोट गेला, बूट गेले."

"दात?"

विल्फने क्षणभर विचार केला. "खालचे."

"रडलास?"

"रडलो."

"जोरात?"

"भोंग्यासारखा, थेल्मा."

"कोणाचं नाव घेऊन?"

कठड्यावर कोणी चघळतही नव्हतं. विल्फने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"तुझं."

"काय म्हणून?"

"म्हटलं... म्हटलं, थेल्मा, माझं चुकलं. त्या जागेपायी मी सगळं घालवलं. माफ कर."

थेल्माने चीजचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला. मग ती सरकली, त्या दोघांमधली मोकळी जागा भरून काढत विल्फच्या अगदी लगत येऊन बसली, आणि तिने ॲप्रन सारखा केला.

"वाऱ्याने नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. आणि या वेळी जरा जास्त बुड."